विचारांचे बीजगणित

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकन नावाचे एक जुने नगर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या नगरात जॉन बूल नावाच्या कारागिराचे जोडे शिवण्याचे दुकान होते. जॉनचे हात आरी-दोऱ्यात गुंतलेले असले, तरी त्याचे मन मात्र भिंगांत, आरशांत आणि आकाशातील ताऱ्यांत रमलेले असे. त्याने स्वतःच्या हाताने एक दुर्बीण तयार केली होती. ईश्वराच्या निर्मितीचे दर्शन श्रद्धापूर्वक घेऊ इच्छिणाऱ्या कोणाही माणसाने आत यावे व या दुर्बिणीतून पाहावे, अशा आशयाची एक पाटी त्याने दुकानाच्या खिडकीत लावली होती. अशा दुकानाची भरभराट व्हावी तरी कशी? धंदा उत्तरोत्तर खालावत गेला आणि घरात दारिद्र्य आले. परंतु त्या घरातील मुलांना ज्ञानाची गोडी मात्र बाळकडूबरोबरच मिळाली.

या जॉनचा थोरला मुलगा जॉर्ज. त्याचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी झाला. साध्या प्राथमिक शाळेतील शिक्षणापलीकडे त्याला शिकविण्याची वडिलांची ऐपत नव्हती. गणिताचे पहिले पाठ त्याने वडिलांपाशीच घेतले. भिंगे घासण्याच्या व उपकरणे जुळविण्याच्या कामातही तो वडिलांना मदत करी. गावातील एका पुस्तकविक्रेत्याने त्याला लॅटिन भाषेची ओळख करून दिली. तेवढ्या भांडवलावर त्याने पुढे ग्रीक भाषा कोणाच्याही मदतीवाचून आत्मसात केली. चौदा वर्षांचा असताना त्याने एका प्राचीन ग्रीक कवितेचे इंग्रजीत भाषांतर केले, आणि पित्याने मोठ्या अभिमानाने ते गावच्या वृत्तपत्रात छापून आणले. ते वाचून एका शाळामास्तरांनी त्याच वृत्तपत्रात पत्र लिहिले. इतक्या लहान मुलाच्या हातून असे भाषांतर होणे शक्यच नाही, असा त्यांचा आक्षेप होता! जोडे शिवणाऱ्याच्या मुलाला ग्रीक येते ही गोष्टच त्या काळी अनेकांना खरी वाटण्याजोगी नव्हती.

जॉर्ज सोळा वर्षांचा झाला, तेव्हा वडिलांचा धंदा जवळजवळ बुडाला होता. आईवडील आणि तीन धाकटी भावंडे यांच्या पोषणाचा भार त्याच्या कोवळ्या खांद्यांवर पडला. १८३१ साली त्याने डॉन्कास्टर या गावी एका शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. दिवसभर मुलांना शिकवावे व रात्री स्वतः शिकावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. पुस्तके विकत घ्यावीत तर पैसा थोडा. तेव्हा त्याने एक व्यवहारी हिशेब केला. काव्याचे किंवा कथेचे पुस्तक चार दिवसांत वाचून संपते. गणिताचे एकच पुस्तक कित्येक महिने पुरते! म्हणून त्याने गणिताची पुस्तके घेण्यास आरंभ केला. एका थोर गणितज्ञाला गणिताच्या वाटेवर आणण्यात काटकसरीचाही हात होता, हे वाचून आज हसू येते.

याच डॉन्कास्टरमध्ये असताना, वयाच्या सतराव्या वर्षी, एके दिवशी शेतातून चालत असता जॉर्जच्या मनात अकस्मात एक विचार चमकून गेला. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांच्या गती जर गणिताच्या सूत्रांत बसतात, तर माणसाच्या मनात एका विचारातून दुसरा विचार निघतो, त्या क्रियेचेही काही गणित असेल काय? हा विचार त्याने कोणालाही न सांगता मनात जपून ठेवला. पुढे चौदा वर्षे तो तेथे मुरत राहिला.

डॉन्कास्टरची नोकरी फार दिवस टिकली नाही. हा तरुण शिक्षक रविवारच्या प्रार्थनेच्या वेळीही गणिते सोडवतो, अशी त्याच्याविरुद्ध तक्रार झाली. आणखी एकदोन ठिकाणी नोकरी केल्यावर एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःचीच शाळा काढली. पुढील पंधरा वर्षे शाळा चालविणे हाच त्याचा चरितार्थ होता. लिंकन येथे कामकरी लोकांच्या ज्ञानवृद्धीसाठी स्थापन झालेली एक संस्था होती. तिच्या ग्रंथालयात आणि सर एडवर्ड ब्रॉमहेड या विद्याप्रेमी गृहस्थांच्या संग्रहात बूल यांना न्यूटन, लाग्रांज अशा महापंडितांचे ग्रंथ वाचावयास मिळाले. हे ग्रंथ विश्वविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही गुरूवाचून उमगत नसत. बूल यांनी ते एकेक पान अनेकदा वाचून, अडले तेथे थांबून, पुन्हा मागे जाऊन, एकट्यानेच समजून घेतले.

केंब्रिज येथून निघणाऱ्या गणितविषयक नियतकालिकाचे संपादक डंकन ग्रेगरी यांच्याकडे बूल यांनी आपले लेख पाठविण्यास प्रारंभ केला. लेखकाला पदवी नाही, त्याचे गुरू कोण हे ठाऊक नाही. पण ग्रेगरी यांनी लेख पाहिले, लेखक पाहिला नाही. त्यांनी ते छापले आणि लेखनाची रीत कशी असावी हेही बूल यांना शिकविले. केंब्रिजला जाऊन पदवी घ्यावी असे बूल यांच्या मनात आले होते. परंतु शाळा बंद केली तर घरची चूल बंद पडली असती. त्यांनी तो बेत सोडून दिला.

१८४४ साली त्यांनी एक मोठा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. तो तपासणाऱ्या दोघा विद्वानांपैकी एकाने तो नाकारावा असे मत दिले, तर दुसऱ्याने तो सुवर्णपदकास योग्य असल्याचे कळविले. अखेर दुसऱ्याचे मत ग्राह्य ठरले. एका लहानशा गावातील शाळामास्तरांना त्या जगप्रसिद्ध संस्थेचे सुवर्णपदक मिळाले.

आता शेतात सुचलेल्या त्या जुन्या विचाराकडे वळू. १८४७ च्या सुमारास तर्कशास्त्रावरून दोन विद्वानांत मोठा वाद जुंपला होता. एक होते स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन आणि दुसरे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन. हे डी मॉर्गन आपल्या दक्षिण भारतातील मदुराई येथे जन्मले होते, हे येथे सांगण्यास हरकत नाही. तर्कशास्त्र हे तत्त्वज्ञांचे क्षेत्र आहे, गणितज्ञांनी त्यात पाऊल टाकू नये, अशी हॅमिल्टन यांची भूमिका होती. तो वाद वाचून बूल यांची चौदा वर्षांची ठेव बाहेर आली. त्यांनी थोड्याच काळात एक लहानसे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. तर्कशास्त्र हा गणिताचाच एक भाग होऊ शकतो, असे त्यात त्यांनी दाखवून दिले.

बूल यांची युक्ती दिसावयास अगदी साधी आहे. बीजगणितात आपण अक्षरे संख्यांच्या जागी वापरतो. बूल यांनी ती वस्तूंच्या समूहांसाठी वापरली. समजा, 'प' म्हणजे जगातील सर्व पांढऱ्या वस्तू आणि 'म' म्हणजे सर्व मेंढ्या. सर्व पांढऱ्या वस्तूंतून मेंढ्या तेवढ्या निवडल्या, तर पांढऱ्या मेंढ्या मिळतात. या निवडीला बूल यांनी गुणाकार मानले आणि ती प × म अशी लिहिली. आधी मेंढ्या घेऊन त्यांतून पांढऱ्या निवडल्या तरी उत्तर तेच येते. म्हणजे प × म = म × प. हा नियम तर नेहमीच्या बीजगणितातही आहे.

पण पुढे एक नवलाची गोष्ट घडते. पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडल्या तर काय उरेल? पांढऱ्या वस्तूच! म्हणजे प × प = प. नेहमीच्या अंकगणितात असे होत नाही. दोन गुणिले दोन म्हणजे चार. तीन गुणिले तीन म्हणजे नऊ. स्वतःला स्वतःनेच गुणले असता तसेच राहणारे अंक दोनच: शून्य आणि एक. शून्य गुणिले शून्य शून्यच, आणि एक गुणिले एक एकच. बूल यांनी या दोन अंकांना आपल्या बीजगणितात मानाचे स्थान दिले. एक म्हणजे विचारात घेतलेले सर्व काही. शून्य म्हणजे काहीच नाही. मग १ − प याचा अर्थ झाला पांढऱ्या नसलेल्या सर्व वस्तू.

आता थोडे पुढे जाऊन पाहू. प × प = प या समीकरणाची मांडणी बदलली की प × (१ − प) = ० असे समीकरण मिळते. त्याचा अर्थ असा की, एकाच वेळी पांढरी असलेली आणि पांढरी नसलेली अशी वस्तू जगात कोठेही नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने हा विचाराचा मूलभूत नियम म्हणून सांगितला होता. बूल यांच्या हातात तो एका ओळीच्या गणितातून आपोआप निघून आला. हे पाहून त्यांना स्वतःलाही किती आनंद झाला असेल!

आयर्लंडमध्ये त्या सुमारास नवी महाविद्यालये उघडण्याचे ठरले होते. बूल यांनी १८४६ साली तेथील प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. मोठमोठ्या गणितज्ञांनी त्यांची शिफारस केली. परंतु निर्णय लागण्यास तीन वर्षे गेली. मुलाला आकाशाकडे पाहावयास शिकविणारे वडील १८४८ च्या अखेरीस वारले. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात बूल यांची गणिताचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पदवी नसलेला मनुष्य पदवीधर घडविणाऱ्या संस्थेत अध्यापक झाला. पण हे पाहण्यास जॉन बूल राहिले नव्हते.

बूल कॉर्कला पोहोचले तेव्हा आयर्लंड एका घोर दुष्काळातून जात होते. बटाट्याच्या पिकावर रोग पडून सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथींनी मेली होती आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली होती. अशा वातावरणात नवे महाविद्यालय उभे राहत होते. तेथेच १८५० साली त्यांची मेरी एव्हरेस्ट या तरुणीशी ओळख झाली. मेरीचे एक काका म्हणजे भारताचे सर्व्हेअर जनरल असलेले सर जॉर्ज एव्हरेस्ट. त्यांच्याच नावाने पुढे १८६५ साली जगातील सर्वांत उंच शिखर ओळखले जाऊ लागले. मेरीला गणिताची आवड होती आणि बूल तिला ते शिकवीत असत. १८५५ मध्ये तिच्या वडिलांचा मृत्यू होऊन ती निराधार झाली, तेव्हा दोघांनी विवाह केला. काका भारतातील पंडितांच्या सहवासात जे शिकले, त्याचा प्रभाव आपल्या पतीच्या विचारांवरही पडला होता, असे मेरीबाईंनी पुढे आपले शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या एका पत्रात म्हटले आहे. सर्वच इतिहासकार ते मान्य करीत नाहीत. तथापि एका इंग्रज विदुषीने भारताचे ऋण इतक्या मोकळेपणाने सांगावे, याची नोंद घेतली पाहिजे.

१८५४ साली बूल यांचा विचारांच्या नियमांवरील मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८४७ च्या पुस्तकात जे घाईने मांडले होते, ते त्यांनी येथे सावकाश व पूर्ण करून मांडले. मात्र त्यात सारेच निर्दोष होते असे नाही. दोन समूहांची बेरीज करावयाची तर त्यांत एकही वस्तू सामाईक असता कामा नये, असा बूल यांचा आग्रह होता. स्टॅन्ले जेव्हन्स या तरुण अभ्यासकाने पत्रे लिहून त्यांच्याशी वाद घातला. पांढऱ्या वस्तूंत पांढऱ्याच वस्तू मिळविल्या तर पांढऱ्या वस्तूच राहतात, म्हणून प + प = प असेच मानावे, असे त्याचे म्हणणे होते. बूल यांनी ते शेवटपर्यंत मानले नाही. आज बूल यांच्या नावाने जे बीजगणित शिकविले जाते, त्यात जेव्हन्सचा नियम स्वीकारलेला आहे.

बूल यांचे घर महाविद्यालयापासून सुमारे तीन मैलांवर होते. २४ नोव्हेंबर १८६४ रोजी ते नेहमीप्रमाणे पायी निघाले. वाटेत मुसळधार पावसाने त्यांना गाठले. परत जावे तर वर्गातील विद्यार्थी वाट पाहत राहणार. ते तसेच पुढे गेले आणि ओल्या कपड्यांनिशी त्यांनी आपले व्याख्यान पूर्ण केले. त्या रात्री त्यांना थंडी भरून ताप आला, न्यूमोनिया झाला, आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांना पाच मुली होत्या. थोरली आठ वर्षांची, तर धाकटी जेमतेम सात महिन्यांची. मेरीबाईंनी लंडनला जाऊन एका महाविद्यालयात ग्रंथपालाचे काम पत्करले आणि त्यांना वाढविले. त्यांपैकी ॲलिशिया हिने चार मितींच्या भूमितीत स्वतंत्र संशोधन केले, लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि सर्वांत धाकटी एथेल कादंबरीकार म्हणून ख्याती पावली.

बूल गेले, पण त्यांचे बीजगणित वाढत राहिले. त्याचे नियम नेमके कोणते व ते कमीत कमी किती, हे अमेरिकेतील एडवर्ड हंटिंग्टन यांनी १९०४ साली काटेकोरपणे मांडले. नियम एकदा निश्चित झाले की, त्यांना धरून चालणारी बीजगणिते किती व कशी असू शकतात, हा प्रश्न उभा राहतो.

एका टोपलीत एक आंबा, एक पेरू आणि एक चिकू आहे असे समजा. त्यांतून हवी ती फळे उचलावयाची. काहीच न उचलणे हा एक प्रकार, एकच फळ घेण्याचे तीन, दोन फळे घेण्याचे तीन आणि तिन्ही घेण्याचा एक. असे एकूण आठ प्रकार होतात. 'काहीच नाही' हे येथले शून्य व 'सर्व' हे येथले एक. दोन प्रकारांतील सामाईक फळे म्हणजे त्यांचा गुणाकार आणि दोन्हींतील मिळून सारी फळे म्हणजे त्यांची बेरीज. हे आठ घटकांचे बूलीय बीजगणित झाले. टोपलीत चौथे फळ आले की घटक सोळा होतात, कारण प्रत्येक जुन्या प्रकारात नवे फळ घ्यावे किंवा न घ्यावे असे दोन मार्ग निघतात. घटकांची संख्या मोजता येण्याजोगी असेल, तर ती दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशीच असते. सहा किंवा दहा घटकांचे बूलीय बीजगणित कोणी कितीही खटपट केली तरी तयार होत नाही. आणि ज्या दोन बीजगणितांतील घटकांची संख्या सारखी, त्यांची रचनाही अगदी एकसारखी. फरक असतो तो फक्त नावांचा.

अनंत घटक असले म्हणजे मात्र रचना गहन होते. काही बीजगणितांत तर टोपलीतील एकेका फळासारखा, ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत, असा लहान घटकच सापडत नाही. तरीही १९३६ साली मार्शल स्टोन या अमेरिकन गणितज्ञाने सिद्ध केले की, बूलीय बीजगणित कितीही विचित्र असो, ते मुळात समूहांचेच बीजगणित म्हणून पाहता येते. पांढऱ्या वस्तू आणि मेंढ्या यांपासून बूल यांनी जो आरंभ केला, तो किती खोलवर जाऊन पोहोचला होता, हे स्टोन यांच्या सिद्धान्ताने दिसून आले. या स्टोन यांचे १९८९ साली आपल्या मद्रास शहरात देहावसान झाले.

स्टोन यांच्या सिद्धान्तानंतर वर्षभराने, १९३७ साली, क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला विजेच्या खटक्यांत बूल यांचेच नियम दिसले. दोन खटके एकापुढे एक जोडले, तर दोन्ही चालू असतानाच वीज वाहते, तो गुणाकार. शेजारी शेजारी जोडले, तर कोणताही एक चालू असला तरी पुरे, ती बेरीज. वीज आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. आजच्या संगणकांची सर्व मंडले याच पद्धतीने आखली जातात.

१९३३ मध्ये हर्बर्ट रॉबिन्स यांनी एक प्रश्न विचारला होता. तीन नियम त्यांनी पुढे ठेवले आणि एवढ्यांवरून बूलीय बीजगणिताचे बाकीचे सर्व नियम निघतात काय, असे विचारले. दिसावयास किरकोळ वाटणाऱ्या त्या प्रश्नापुढे भले भले गणितज्ञ साठ वर्षांहून अधिक काळ हतबल झाले. शेवटी अमेरिकेत विल्यम मक्यून यांनी सिद्धता शोधण्याचे काम संगणकाकडेच सोपविले. संगणक सुमारे आठ दिवस शोध घेत होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याने उत्तर दिले: होय, निघतात. ती सिद्धता थोड्याच पायऱ्यांची होती. पुढे गणितज्ञांनी ती स्वतः पडताळून पाहिली आणि ती अचूक ठरली.